वेशीबाहेर कोणी जाऊ शकत नव्हते : निप्पूरच्या वेढ्याचा प्रकरण अभ्यास

ॲसिरियाचा राजा सिन-शर-इश्कुन याच्या तिसऱ्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ६२४ च्या आसपास, निप्पूर शहरात ओल्या मातीच्या पाटीवर एक खरेदीखत लिहिले गेले. खरेदीखतात साधारणपणे देणारा, घेणारा, वस्तू, किंमत आणि साक्षीदार एवढेच असते. या खतात मात्र व्यवहाराआधी प्रसंग सांगितला आहे. शहराला वेढा पडला आहे, वेशीतून कोणाला बाहेर पडता येत नाही, एका शेकेल (सुमारे ८.४ ग्रॅम) चांदीला एक सुतू (सुमारे सहा लिटर) जव अशी धारण चालली आहे आणि लोक पैशासाठी पोटची पोरे विकत आहेत, अशी त्याची प्रस्तावना आहे. त्यानंतर पालकाचे बोलणे येते. माझे लहान मूल घे आणि त्याला जगव, ते तुझे होऊ दे, मला चांदी दे म्हणजे मी काही खाऊ शकेन, असा त्याचा आशय आहे. ज्याला उद्देशून हे बोलले आहे त्या गृहस्थाचे नाव निनुर्ता-उबल्लित, आणि अशी खते एक-दोन नव्हेत, बरीच आहेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी पथकाने निप्पूरचे उत्खनन पुन्हा सुरू केले तेव्हा ही खते हाती आली आणि १९५५ मध्ये ए. लिओ ओपनहाइम या अक्कडी भाषेच्या पंडिताने ती प्रसिद्ध केली. प्राचीन वेढ्यांविषयी आपल्याला जे कळते ते बहुतेक जिंकणाऱ्या राजाच्या शिलालेखांतून किंवा पुढे रचलेल्या विलापगीतांतून कळते, आणि दोन्हींत अतिशयोक्तीला वाव असतो. निप्पूरची खते त्याच दिवशी, त्याच शहरात, व्यवहाराचा पुरावा म्हणून लिहिलेली आहेत. त्यांत कोणाला रडवण्याचा हेतू नाही, आणि म्हणूनच हे प्रकरण तपशिलाने पाहण्याजोगे आहे.

हे शहर कोणाचे होते

आजच्या इराकमध्ये, बगदादच्या आग्नेयेस, अफक गावाजवळ निप्पूरची टेकाडे आहेत. ही एन्लिल देवाची नगरी. एन्लिल हा सुमेरी देवमंडळाचा अधिपती आणि राजेपद देणारा देव. त्याचे मंदिर एकूर, म्हणजे शब्दशः ‘पर्वतगृह’, आणि त्या स्थानाला दुरांकी, स्वर्ग व पृथ्वी यांना बांधून ठेवणारी गाठ, असेही म्हणत. निप्पूर ही मोठ्या साम्राज्याची राजधानी कधीच नव्हती. तरी तिसऱ्या सहस्रकापासून सुमेर-अक्कडवर राज्य करू पाहणाऱ्या प्रत्येकाला निप्पूरची मान्यता हवी असे, कारण एन्लिलने स्वीकारलेला राजा तोच खरा राजा, अशी समजूत होती. पुढे बॅबिलोनचा देव मर्दुक याने एन्लिलचे अधिपत्य आपल्याकडे ओढले आणि बॅबिलोन हे देशाचे मुख्य शहर झाले. निप्पूरचा धार्मिक मान मात्र शिल्लक राहिला, आणि त्याबरोबर बॅबिलोनविषयीचा एक जुना सलही शिल्लक राहिला असावा, असे मला वाटते.

या मानाचे व्यवहारातले रूप म्हणजे किदिन्नू. निप्पूर, सिप्पर आणि बॅबिलोन यांच्या नागरिकांना देवाच्या नावाने मिळालेले हे अभय होते, आणि त्यात कर व वेठ यांची माफी येत असे. एका अक्कडी उपदेशपर मजकुरात राजाला बजावले आहे की त्याने या शहरांच्या नागरिकांचा पैसा उपटला, त्यांना नाहक दंड केला किंवा वेठीला धरले, तर देव पाठ फिरवतील आणि देश शत्रूच्या हाती जाईल. त्याची एक प्रत ॲसिरियाची राजधानी निनवे येथील राजग्रंथालयात मिळाली आणि दुसरी खुद्द निप्पूरमध्ये. ज्यांना माफी होती त्यांनी माफीचा आधार जवळ बाळगला होता, हे इनामदारांची दप्तरे पाहिलेल्या मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

किदिन्नू हा शहर आणि राजा यांच्यातला थेट करार होता. त्यामुळे निप्पूरचे हित त्याच्या शेजाऱ्यांशी नव्हे, तर अभय देणाऱ्या राजाशी बांधले गेले. मग तो राजा कोणी का असेना. इ.स.पू. सातव्या शतकात तो राजा ॲसिरियाचा होता.

ॲसिरियाचे पाय धरणारे

ॲसिरियाचा राजा एसरहद्दोन आणि त्याचा मुलगा अशुरबनिपाल या दोघांनीही एकूरचा जीर्णोद्धार केला. अशुरबनिपालच्या नावाच्या विटा निप्पूरमध्ये सापडल्या आहेत. ही केवळ भक्ती नव्हती. बॅबिलोनियात ॲसिरियाला सतत बंडे मोडावी लागत आणि बंडाचे केंद्र बहुधा बॅबिलोन किंवा दक्षिणेतील खाल्डी टोळ्या असत. बॅबिलोनच्या तोडीचे पावित्र्य असलेले, भौगोलिकदृष्ट्या देशाच्या मधोमध बसलेले निप्पूर हाताशी असणे म्हणजे मर्दुकाच्या विरुद्ध एन्लिल उभा करणे होते.

इ.स.पू. ६५२ मध्ये अशुरबनिपालचा भाऊ आणि बॅबिलोनचा राजा शमश-शुम-उकिन याने बंड केले. बॅबिलोनला वेढा पडला, ६४८ मध्ये शहर पडले. त्या वेढ्यात लोकांनी आपल्या मुलामुलींचे मांस खाल्ले असे अशुरबनिपालच्या लेखांत म्हटले आहे. विजेत्याचे हे बोलणे कितपत खरे मानायचे हा प्रश्न आहे, पण भूक होती यात शंका नाही. निप्पूर बंडाच्या सुरुवातीच्या काळातच ॲसिरियाच्या हाती आले आणि तिथे ॲसिरियन शिबंदी बसली. बंड मोडल्यावर बॅबिलोनियावर कंदलानु नावाचा राजा नेमण्यात आला, परंतु निप्पूर त्याच्याकडे दिले नाही. हे आपल्याला एका साध्या गोष्टीवरून कळते : बाकीच्या शहरांतील खतांवर कंदलानूचे वर्ष आहे, तर निप्पूरच्या खतांवर अशुरबनिपालचे. अशुरबनिपालच्या नावाने काळ दिलेला शेवटचा ज्ञात दस्तऐवज त्याच्या ३८ व्या वर्षाचा, इ.स.पू. ६३१ चा, आणि तो निप्पूरचाच आहे.

या निष्ठेची किंमत शहराला वेढ्याच्या कितीतरी आधीपासून मोजावी लागत होती. सातव्या शतकातील एक पत्र उपलब्ध आहे. निप्पूरच्या कारभाऱ्याने ते ॲसिरियाच्या राजाला लिहिले. त्यात तो म्हणतो की ॲसिरियापायी सगळे देश आमचा द्वेष करतात, कुठे पाऊल टाकावे तर तिथे आम्हांला मारतील, तुम्ही ॲसिरियाचे पाय का धरलेत असे विचारतील, म्हणून आम्ही वेशी बंद करून बसलो आहोत. पुढची तक्रार पाण्याची आहे. बनितू कालव्याचे पाणी निप्पूरला मिळायला हवे होते, ते मिळत नाही, बॅबिलोनच्या अधिकाऱ्याला हुकूम द्यावा, नाहीतर आम्ही तहानेने मरू. मेसोपोटेमियाच्या मैदानी शहराचा जीव कालव्यात असतो आणि कालवा वरच्या शहराच्या ताब्यात असतो. वरचे शहर वैरी झाले की वेढा घालायला सैन्यही लागत नाही.

साम्राज्य खिळखिळे होते तेव्हा

अशुरबनिपालनंतर काय घडले याचा क्रम लावताना अभ्यासकांची दमछाक होते, आणि त्याचे कारण हेच की त्या काळी शहरातल्या लेखनिकालाही कोणाचे वर्ष लिहावे हा प्रश्न दर काही महिन्यांनी पडत होता. निप्पूरच्या पाट्यांवर सहा-सात वर्षांच्या आत चार राजे येतात : अशुरबनिपाल, त्याचा मुलगा अशुर-एतिल-इलानी, मग सिन-शुमु-लिशिर हा खोजा सेनापती, ज्याने काही महिने निप्पूर व बॅबिलोन धरून ठेवले, आणि अखेरीस अशुरबनिपालचा दुसरा मुलगा सिन-शर-इश्कुन. निनवेत भाऊबंदकी चालू असताना दक्षिणेत कंदलानु इ.स.पू. ६२७ मध्ये मरण पावला आणि बॅबिलोनची गादी रिकामी पडली. त्या वर्षासंबंधी बॅबिलोनी बखरीत एकच कोरडे वाक्य आहे : एक वर्षभर देशात राजा नव्हता.

या पोकळीत ॲसिरियाविरुद्ध उठलेला नबोपोलासर पुढे आला. इ.स.पू. ६२६ च्या घडामोडी सांगताना बखर म्हणते की ॲसिरियाचे सैन्य निप्पूरला पोहोचले, तेव्हा नबोपोलासर मागे हटला. ॲसिरियाचे सैन्य आणि निप्पूरचे लोक यांनी दक्षिणेतील उरुक शहरापर्यंत त्याचा पाठलाग केला, तिथे लढाई दिली आणि मग त्यांनाच माघार घ्यावी लागली. या नोंदीतले ‘निप्पूरचे लोक’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. शहर शिबंदीच्या धाकाने मुकाट बसलेले नव्हते. त्याची माणसे शस्त्र घेऊन ॲसिरियाच्या बाजूने रणात उतरली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नबोपोलासर बॅबिलोनच्या गादीवर बसला, आणि ज्यांनी उरुकपर्यंत त्याचा पाठलाग केला होता ते आता त्याच्या राज्याच्या पोटात अडकलेले बेट झाले.

पुढची काही वर्षे युद्ध शहरागणिक चालले. उरुक कधी एका बाजूच्या, तर कधी दुसऱ्या बाजूच्या हाती गेले. सिप्पर व किश या बाजूच्या देवांच्या मूर्ती सुरक्षिततेसाठी बॅबिलोनला हलवण्यात आल्या. देव आधी हलतो आणि माणसे मागून, हा त्या देशातला जुना शिरस्ता होता. काळ देताना ‘वेशी बंद असताना’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग या काळातील खतांत येऊ लागतो. वेढा हा अपवाद न राहता कालगणनेचा भाग झाला होता.

धारण आणि खत

आता पुन्हा खताकडे वळू. एक सुतू म्हणजे सहा का, आणि एक का म्हणजे साधारण एक लिटर. एक शेकेल म्हणजे सुमारे ८.४ ग्रॅम चांदी. त्या काळच्या बॅबिलोनियात आदर्श मानला जाणारा दर एका शेकेलला १८० का जव असा होता. प्रत्यक्ष बाजारात इतकी स्वस्ताई क्वचितच असेल, तरी आदर्श दराशी तुलना केली तर वेढ्यातील धारण तीसपट चढलेली दिसते. मजुराला दिवसाला एक ते दोन का जव लागतो असे धरले, आणि एका मुलाचे समजा सहा शेकेल आले, तर त्या चांदीत एका माणसाची फार तर महिनाभराची, आणि चौघांच्या कुटुंबाची जेमतेम आठवड्याची तजवीज होते. मूल विकून मिळालेला काळ तो एवढाच.

या आकड्यातून आणखी एक गोष्ट निघते आणि ती मला धारणेपेक्षाही बोलकी वाटते. पालक धान्य मागत नाहीत, चांदी मागतात. याचा अर्थ शहरात धान्य होते, ते विकले जात होते आणि त्याला भाव होता. कोठारे पूर्ण रिकामी असती तर भावच राहिला नसता. दाणा कोणाच्या तरी कोठीत होता, चांदी कोणाच्या तरी पेटीत होती आणि ज्यांच्याकडे दोन्ही नव्हते त्यांच्याकडे मुले होती. वेढ्याने सगळे शहर सारखे भुकेले झाले नाही.

मग विकत घेणाऱ्याचा हिशेब काय असावा? वेढ्यात आणखी एक खाणारे तोंड घरात आणणे हे वरकरणी वेडेपण आहे. निनुर्ता-उबल्लितने ते केले, कारण वेढा उठेल आणि आपण व मूल दोघेही तोवर जगू, असा त्याचा अंदाज असला पाहिजे. पुढच्या शतकात बॅबिलोनियात प्रौढ गुलामाला ५० शेकेल वा त्याहून अधिक किंमत पडत असे, हे लक्षात घेतले की काही शेकेलमध्ये मिळालेले मूल ही कशी दूरदृष्टीची खरेदी होती ते कळते. या खतांत मुलींची संख्या जास्त आहे, हेही त्याच हिशेबात बसते. घरकामाला आणि पुढे गुलामांच्या संततीला मुलगी उपयोगी. त्याला नफेखोर म्हणावे की मुले वाचवणारा म्हणावे, यावर अभ्यासकांत दोन्ही बाजूंनी बोलता येते. मला ही निवडच खोटी वाटते. जे मूल आईबापांकडे राहिले असते ते बहुधा मेले असते, आणि जे विकले गेले ते जगले असेल तर दुसऱ्याच्या मालकीचे होऊन जगले. खत या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात मान्य करते.

ते वाक्य भाषेच्या अंगानेही पाहण्यासारखे आहे. पालक ज्या क्रियापदाने ‘जगव’ म्हणतात ते अक्कडीत ‘बुल्लुतू’ या क्रियापदाचे रूप आहे, आणि घेणाऱ्याच्या नावातला ‘उबल्लित’ हे त्याच क्रियापदाचे दुसरे रूप. निनुर्ता-उबल्लित म्हणजे ‘निनुर्ताने जगवले’. निनुर्ता हा एन्लिलचा मुलगा, निप्पूरचाच देव. घरात बाळ वाचले म्हणून आईबापांनी कौतुकाने ठेवावे असे हे नाव. असे नाव लावणाऱ्या माणसापुढे उभे राहून दुसरे आईबाप ‘जगव’ म्हणत होते. शब्दांचा हा योगायोग लेखनिकाच्या लक्षात आला नसेल असे मानणे मला जड जाते, पण तो साचेबंद मजकूर होता आणि त्याने तो प्रत्येक वेळी तसाच उतरवला.

प्रस्तावनेत वेढा आणि धारण यांचा उल्लेख का केला, हा खरा कायदेशीर प्रश्न आहे. माझ्या मते त्याचे उत्तर पुढे उद्भवू शकणाऱ्या वादात आहे. स्वतंत्र नागरिकाने, त्यातही किदिन्नूचे अभय असलेल्या शहरातील नागरिकाने, आपले मूल विकणे ही नेहमीची बाब नव्हती. उद्या वेढा उठला, भाव उतरला, आईबाप चांदी घेऊन दारात आले आणि म्हणाले की आमच्या अडचणीचा फायदा घेतला, तर घेणाऱ्याला दाखवायला काय? तर हे : आपत्काल होता, धारण अमुक होती, देणारा स्वतः होऊन आला, मूल जगवावे अशी त्यानेच विनंती केली आणि साक्षीदार हजर होते. करुणेचे वाटणारे शब्द असे घेणाऱ्याच्या बचावाचे शब्दही आहेत. ‘ते तुझे होऊ दे’ हे वाक्य तर दत्तकाच्या भाषेच्या इतके जवळ जाते की विक्री आणि दत्तक यांतली सीमा पुसट होते, आणि ती तशी पुसट राहणे दोन्ही पक्षांना सोयीचे असावे.

अशी खते मेसोपोटेमियाच्या परिसराला नवी नव्हती. निप्पूरच्या सुमारे सहाशे वर्षे आधी, उत्तर सीरियातील एमार शहरात जद्दम्मा आणि त्याची बायको कुए यांनी उपासमारीच्या काळात आपली चार मुले विकली. त्यांपैकी तिघांच्या पावलांचे ठसे ओल्या मातीत घेऊन त्यांवर नावे लिहून ठेवली होती आणि ते ठसे मिळाले आहेत. निप्पूरच्या खतांत पावले नाहीत, केवळ मजकूर आहे. परंतु दुष्काळात आई मुलीला दार उघडत नाही, ही अत्राहसिसच्या जुन्या प्रलयकथेतील प्रतिमा निप्पूरच्या शिकलेल्या लेखनिकांना पाठ असणार. ती कथा ज्या देवावर मानवजातीला उपाशी मारल्याचा ठपका ठेवते तो देव एन्लिल, आणि हे लेखनिक त्याच्याच नगरीत बसून खते लिहीत होते.

शिबंदी कोणासाठी

ॲसिरियाने निप्पूर सोडून का दिले नाही, हा या प्रकरणातला लष्करी प्रश्न आहे. सिन-शर-इश्कुनच्या दृष्टीने निप्पूर हे दक्षिणेत पाय रोवायला उरलेले मोजके ठिकाण होते. तिथली शिबंदी काढली असती तर बॅबिलोनियावरचा हक्कच सोडल्यासारखे झाले असते. शिबंदी टिकवायची तर रसद पोहोचवायला हवी, आणि उत्तरेकडून येणारे मार्ग बहुधा शत्रूच्या टापूतून जात होते. मदतीला येणारी सैन्ये मधूनमधून आलीही, पण निनवेत गादीचे भांडण आणि सरहद्दीवर नवे शत्रू अशा स्थितीत कोणतीही मोहीम तडीस गेली नाही. वेढ्यात उपाशी शिबंदी आणि उपाशी नागरिक यांत आधी कोणाला दाणा मिळतो, हे कोणत्याही काळी सांगावे लागत नाही.

नागरिकांपुढचा पेच वेगळा होता. त्यांना नबोपोलासरशी तह करता आला असता का? उरुकपर्यंत पाठलाग केल्यावर त्याच्याकडून अभयाची अपेक्षा धरणे कठीण होते. शिवाय तो ज्या शहराचा राजा होता ते बॅबिलोन म्हणजे तेच, ज्याने त्यांचे पाणी अडवले होते आणि ज्याचा देव एन्लिलच्या आसनावर बसला होता. शहराच्या पावित्र्याने त्याला माफी मिळवून दिली, माफीने त्याला दूरच्या राजाशी बांधले, त्या बंधनाने शेजारी तोडले आणि दूरचा राजा दुबळा झाल्यावर ते शेजारीच वेशीबाहेर येऊन बसले. यांतला एकही टप्पा मूर्खपणाचा नव्हता. प्रत्येक वेळी घेतलेला निर्णय त्या वेळी शहाणपणाचाच दिसत होता.

इ.स.पू. ६२० च्या सुमारास ॲसिरियाची सत्ता बॅबिलोनियातून संपली आणि निप्पूर नबोपोलासरच्या राज्यात गेले. पुढचे सर्वांना माहीत आहे : ६१६ मध्ये तो युफ्रेटिसच्या काठाने वर सरकला, ६१५ मध्ये अशुर शहरावर चालून गेला पण हटवला गेला, ६१४ मध्ये इराणच्या पठारावरील मीड लोकांनी तेच अशुर लुटले. अशुर हे ॲसिरियाचे निप्पूर, राष्ट्रदेवाचे स्थान. नबोपोलासरचे सैन्य तिथे लढाई संपल्यावर पोहोचले, असे त्याची स्वतःचीच बखर सांगते. ६१२ मध्ये निनवे पडले आणि ६०९ पर्यंत हर्रान हा ॲसिरियाचा शेवटचा आसराही गेला.

निप्पूर मात्र ओस पडले नाही. राजधानीचे सारे वैभव नबोपोलासरचा मुलगा नबुखद्रेझर दुसरा याने बॅबिलोनमध्ये ओतले, तरी एन्लिलच्या शहरात कालवे वाहत राहिले आणि पाट्या लिहिल्या जात राहिल्या. पाचव्या शतकात, इराणी सम्राटांच्या अमलात, मुराशू घराण्याची पेढी तिथेच चालत होती. तिच्या आठशेहून अधिक पाट्यांत जमिनी, पाणी, कर आणि कर्ज यांचे हिशेब आहेत. त्यांत किदिन्नूचे अभय मागणारे निप्पूर दिसत नाही. दिसतात ती सारा भरणारी कुळे, आणि तो भरता यावा म्हणून जमीन गहाण टाकून मुराशूंच्या पेढीवरून चांदी उचलणारी माणसे.